थोरली-धाकलीचं पुस्तक

"मॅडम, ह्ये कपाट कवा हलवायचं?"

अप्पांनी दारातूनच विचारलं. आमच्या वाचनालयाचे ते अध्यक्ष. गावात त्यांचं खत-बियाणांचं दुकान आहे, त्यामुळं कपाट दिसलं की त्यातला माल किती खपतो, हे ते आधी बघतात. कानाला मोबाइल होता. पलीकडच्या माणसाशी कन्नडमध्ये बोलणं चालू होतं आणि मधेच मला मराठीत प्रश्न. मी शिक्के मारत राहिले. हा प्रश्न त्यांनी याआधीही कितीदा तरी विचारला होता.

फोन खिशात गेला. "आवो, अभ्यासिकेत आजून एक टेबल बसवायचंय. पोरं जिन्यात बसून अभ्यास करायलीत. आन हितं ह्ये कपाट निस्तं हुबं."

"पुस्तकं आहेत त्यात, अप्पा."

"हायती की. पर नेतंय कोन? एक मानूस दाखवा."

इथंच तर घोडं अडलं होतं. मी दाखवू शकत नव्हते.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात ग्रंथपाल आहे. निवृत्ती जवळ आली आहे. सरकारी अनुदानावर चालणारं वाचनालय म्हणजे काय, ते आधी सांगते. अनुदान उशिरा येतं, त्यातून ठरावीक भाग पुस्तकांवर खर्च करावा लागतो आणि वर्षातून एकदा तपासणी होते. वाचकांना हव्यात रहस्यकथा, राजे-महाराजांच्या जाडजूड कादंबऱ्या, यशस्वी कसं व्हावं ते सांगणारी पुस्तकं. अभ्यासिकेतल्या मुलांना गाइड हवेत. ते सगळं मी आणतेच. पण दर वर्षीच्या यादीत शेवटी दोन-चार पुस्तकं माझ्या पसंतीची घुसवायची, ही माझी खोड. बंगालीतून, कन्नडमधून, उर्दूतून, नेपाळीतून, सिंहलीतून मराठीत आलेली. ढाक्याचे लेखक, कराचीचे, काठमांडूचे, लंकेचे. खिडकीजवळच्या एका कपाटात ती मी एकत्र ठेवली आणि वर पाटी लावली, 'शेजारचे लेखक'. प्राध्यापक मंडळी याला दक्षिण आशियाई साहित्य म्हणतात.

नोकरीत माझ्या हातून जे काही झालं त्यात हे कपाट तेवढं माझं. बाकी सगळं शिक्के मारणं.

अप्पांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत. मुलं खरंच जिन्यात बसत होती. आणि कपाटावर खरंच धूळ होती. आमच्याकडं पुस्तकांना खाकी कव्हर घालतात, पाठीवर नंबर टाकतात. आमचे शिपाई शब्बीरभाई हे काम इतकं चोख करतात की आत काय आहे, कुणाला कळू नये. वाचक यायचे, पुस्तक उघडायचे, पहिल्याच पानावर चार अवघड नावं दिसली की मिटायचे. "नावं ध्यानात ऱ्हात न्हायत, मॅडम," म्हणायचे आणि परत रहस्यकथांकडं वळायचे.

"बैठकीत ठराव घिऊन टाकू," अप्पा म्हणाले. "आन त्यात कराचीचं बी एक हाय म्हनं? उद्या कुनी फोटू काढून मोबाइलवर टाकला तर निस्तरायचं कुनी?"

"वाचून बघा ना एकदा. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईची गोष्ट आहे."

"मला कुटला येळ? तुमी वाचनारं दाखवा बैठकीपत्तोर. मग कपाट ऱ्हाऊ द्या. न्हाय तर निर्लेखन."

निर्लेखन हा आमच्या धंद्यातला शब्द. जुनं, फाटकं किंवा कुणी न नेणारं पुस्तक ठराव करून नोंदीतून कमी करायचं. मग ते पोत्यात जातं आणि पोतं मागच्या खोलीत, जिथं पावसाळ्यात भिंत घाम धरते. पोत्यात गेलेलं पुस्तक परत कपाटात आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

मी पहिला उपाय केला तो सगळे करतात तोच. वाचक मेळावा ठेवला. एका प्राध्यापकांना बोलावलं. विद्वान माणूस, शंका नाही. त्यांनी फाळणीपासून सुरुवात केली आणि तासाभरानंतरही ते फाळणीतच होते. पंखे बंद पडले. अभ्यासिकेतली दोन मुलं वहीत टिपून घेत होती, परीक्षेला येईल म्हणून. मागं बसलेल्या बायका एकमेकींना घड्याळ दाखवत होत्या. आपणच बोलावलेल्या पाहुण्याकडं बघत हसरं तोंड ठेवून बसायचं, याचा मला आता खरंच थकवा येतो.

शेवटी सर म्हणाले, आता मी तुम्हाला एकेक पुस्तक सुचवतो. पहिल्या रांगेत मंगलताई बसल्या होत्या.

मंगलताई कोण, ते सांगायला हवं. आमच्या पेठेत त्यांची पिठाची गिरणी आहे. आमच्या बायका-वाचकांत त्यांचा शब्द चालतो. पुस्तक हातात घेतलं की बायका मला पुस्तक कसं आहे ते विचारतच नाहीत. त्या विचारतात, "मंगलताईनी नेलंय का?" दळण होईपर्यंत बायका गिरणीत बसतात आणि मंगलताई पट्ट्याच्या खडखडाटावरून ओरडून त्यांना गोष्ट सांगतात. त्यांच्या हातून परत आलेल्या पुस्तकाच्या कव्हरवर पांढरी बोटं उमटलेली असतात. शब्बीरभाई ते पुस्तक दारात नेऊन झटकतात आणि म्हणतात, "लो, अब ये चलेगा." आणि ते चालतंच. मी त्यांना मेळाव्याला मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी एक पुस्तक उचललं असतं तर बाकीची आपोआप उचलली गेली असती, असा माझा साधा हिशेब.

सरांनी विचारलं, "ताई, गाव कोणतं?"

"हितलीच. म्हायेर सास्तूर."

"सास्तूर!" सरांचा चेहरा उजळला. हो, उजळलाच. ते कपाटाशी गेले आणि नेपाळी कादंबरी घेऊन आले. "मग हे तुमचंच पुस्तक. यात भूकंप आहे. एक गाव जमीनदोस्त होतं. तुमच्याइतकं हे कुणाला कळणार?"

सगळ्या माना मंगलताईंकडं वळल्या. त्यांनी पुस्तक घेतलं, मांडीवर ठेवलं. आभार झाले, चहा आला. चहा वाटताना मी बघितलं, तर खुर्चीवर नुसतं पुस्तक होतं.

मला सरांचा राग आला. बोलावणारी मीच होते, म्हणून तो गिळला. त्यानंतर मंगलताई यायच्या बंद झाल्या. त्या येईनात म्हणून बाकीच्याही कपाटाकडं फिरकेनात. बैठक जवळ येत होती आणि अप्पा टेबलाचं माप घेऊन गेले होते.

शेवटी मी घरचा गव्हाचा डबा उचलला आणि गिरणीत गेले.

दुपारची वेळ, गिरणीत गर्दी नव्हती. मंगलताईंनी डबा ठेवून घेतला, गिरणी चालू केली नाही. "दळनाला आलाव का दुसऱ्या कामाला?"

"दुसऱ्याच कामाला. त्या दिवशी सरांचं चुकलं."

"त्यांचं काय चुकलं?" त्या फळीवरचं पीठ हातानं सारखं करत म्हणाल्या. "सगळेच तसं करत्यात. सास्तूर म्हनलं की मानसं आदी तोंडाकडं बगत्यात. मग इच्यारत्यात, घरातलं कोन गेलं? हिकडं नांदाय आल्यावर बी तेच. लग्नात जावा, बारशाला जावा, भूकंप मदी येतोच. म्या वाचाय लागले ती त्येच्यापसून सुटका व्हावी म्हनून. आन त्यांनी पुस्तकातबी त्योच दिला."

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी त्या लहान होत्या, एवढं मला माहीत होतं. पुढचं मी कधी विचारलं नव्हतं, तेव्हाही विचारलं नाही.

"मी दुसरं आणलंय," मी म्हणाले आणि पिशवीतून लंकेची कादंबरी काढली. "बसस्टँडवर हॉटेल चालवणाऱ्या दोघी जावा. नवरे गेलेले. एकीनं भट्टी सांभाळायची, दुसरीनं गिऱ्हाईक. आणि दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. गिऱ्हाइकाच्या तोंडून निरोप धाडतात."

मंगलताईंचा हात थांबला. "का बोलत न्हायत?"

"ते पुस्तकात आहे."

"शेवट सांगा."

आमच्या धंद्यात एक नियम आहे, वाचकाला शेवट सांगायचा नाही. शेवट कळला की पुस्तक कोण नेईल? मी तसं म्हणून बघितलं.

"शेवट म्हायती नसला तर म्या नेतच न्हाय," त्या म्हणाल्या. "मदीच काय झालं तर माजं हातपाय गार पडत्यात. आदी कळलं की मग बिनघोर वाचता येतं. तुमच्या समद्या पुस्तकांचं शेवटचं पान म्या आदी वाचते. तुमी बगितलं न्हाय व्हय कदी?"

बघितलं होतं. काउंटरशी उभ्या राहून त्या मागून पुस्तक उघडायच्या. मला वाटायचं, अक्षर बारीक आहे का ते बघतायत.

मी नियम मोडला. सांगितलं, की शेवटी थोरली आजारी पडते. धाकटी एकटीच हॉटेल उघडते. सवयीनं पहिला कप थोरलीसाठी ओतते आणि मग तो हातात घेऊन घरी जाते.

"बोलत्यात का मग?"

"नाही. थोरली चहा पिते, एवढंच."

मंगलताईंनी पदराला हात पुसला आणि पुस्तक घेतलं. "नावं लई अवघड हायती ह्यातली."

"आहेत थोडी."

"असू द्या. म्या बगते." मग त्यांनी गिरणी चालू केली आणि आमचं बोलणं संपलं.

आठवडा गेला. एक बाई काउंटरला आली. "मॅडम, थोरली-धाकलीचं पुस्तक हाय का?"

मला काही कळेना. या नावाचं पुस्तक आमच्याकडं नाही. मी रजिस्टर उघडायला लागले, तेवढ्यात तिनं खुलासा केला. "आवो, त्या बसस्टँडवरच्या हॉटेलचं. मंगलताई सांगत हुत्या."

मग उलगडा झाला. मंगलताईंनी अवघड नावं सरळ काढून टाकली होती. एक थोरली, एक धाकली. लंकेतलं ते गाव तुळजापूरच्या स्टँडासारखं, तसलीच गर्दी, तसलेच लॉज. भट्टीवर काय होतं ते आप्पे असावेत, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि दळायला आलेल्या प्रत्येक बाईला हे त्यांनी ओरडून सांगितलं होतं, शेवटासकट.

शेवट माहीत असूनही बाई पुस्तक न्यायला आली होती. इतकी वर्षं पाळलेल्या नियमाचं मी काय करावं?

पुढं हे वाढतच गेलं. मी दर खेपेला डबा घेऊन जायची, पिशवीत एक पुस्तक घालायची, शेवट सांगायची. कुठलंही पुस्तक सुचवायच्या आधी मी आता लेखकाचा देश सांगत नव्हते. कोण काय काम करतं आणि कुणाचं कुणाशी बिनसलंय, एवढंच सांगायची. मंगलताई वाचून गिरणीत पुस्तकांना आपली नावं द्यायच्या. ढाक्याच्या कादंबरीत नदी दर वर्षी काठ खाते आणि एक कुटुंब मागं-मागं घर हलवत जातं. तिचं झालं 'घर हलवणाऱ्यांचं'. कराचीच्या कादंबरीचं झालं 'शिवणवालीचं'. बायका येऊन तीच नावं सांगायच्या. शब्बीरभाईंनी तर कव्हरच्या आत पेन्सिलीनं ती लिहून ठेवली. ते प्राध्यापक आले असते तर त्यांना भोवळ आली असती.

मलाही कधी कधी वाईट वाटायचं. एवढ्या लांबून आलेली माणसं, त्यांची नावंसुद्धा इथं पोचत नाहीत. एकीला मी मुद्दाम विचारलं, "हे पुस्तक कुठलं आहे, माहितेय का?"

"तुळजापूरचं न्हाय का?"

"लंकेचं."

तिनं पुस्तक उलटसुलट करून बघितलं. "म्हंजी तिथंबी जावा आशाच?" म्हणाली. मग मी तो विषय सोडला. मला इतकी वर्षं हेच तर सांगायचं होतं.

बैठकीच्या दिवशी अप्पा सकाळीच आले. बरोबर सुतार होता. मी तयारीत होते. कपाटाशी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "बघा अप्पा. एक सोडून सगळी पुस्तकं बाहेर आहेत. वाचकांकडं."

अप्पांनी बघितलं. कप्पे रिकामे होते. मधल्या कप्प्यात एकच पुस्तक कलून पडलं होतं, भूकंपाचं.

"आरं वा," अप्पा म्हणाले. खरंच खूश झाले ते. "काम केलंत, मॅडम."

मला हायसं वाटलं. ते फार तर एक श्वासभर टिकलं.

"एकाच पुस्तकाला येवढं कपाट कशाला मग?" ते सुताराकडं वळले. "रिकामंच हाय की. घे उचलून."

"अप्पा, रिकामं आहे कारण पुस्तकं वाचतायत लोक. उद्या परत येतील ती."

"येऊ द्या की. कादंबऱ्यांत बसवा. नंबर तर हायतीच त्येंच्यावर."

"एकत्र असली तर लोकांना दिसतात. म्हणून तर—"

"कुनाला दिसायलीत, मॅडम? कपाट भरलं हुतं तवा कुनी बगत नव्हतं. आन आता तर हितं कायच न्हाय." माणूस वाईट नाही. त्यांना ते अगदी मनापासून पटलेलं होतं. जाता जाता म्हणाले, "आमच्या घरीबी एक पडलंय. शिवनवालीचं का काय. ही सोडंना झालीया, सैपाकाला उशीर हुतोय."

शिवणवाली कुठली, ते मी त्यांना सांगितलं नाही. एवढा सूड पुरे.

वाद घालायचं माझ्यात त्राण नव्हतं, हेही सांगते. जिन्यातली मुलं वह्या घेऊन दारात उभी होती. त्यांच्या तोंडाकडं बघून मी बाजूला झाले. कपाट गेलं, टेबल आलं. पाटी शब्बीरभाईंनी धूळ पुसून माझ्या टेबलाखाली उभी केली. ते एक पुस्तक मी ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्या दिवशी घरी गेले आणि स्वयंपाक न करता पडून राहिले.

थोड्या दिवसांनी मंगलताई आल्या. पिशवीत दोन पुस्तकं होती, पीठ लागलेली. त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाकडं बघितलं, माना घालून बसलेल्या मुलांकडं बघितलं.

"कपाट कुटं गेलं?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुस्तकं परत पिशवीत टाकली.

"अहो, जमा करा ना ती."

"कुटं ठिवनार तुमी? त्या राजा-म्हाराजाच्या गर्दीत? कुनाला घावनार न्हायत." त्या पिशवीचा बंद आवळत म्हणाल्या. "गिरनीत फळी हाय माजी, डब्याच्या वर. तिथं ऱ्हाऊ द्या. बायका तिथनंच नेत्यात, तिथंच आनून देत्यात. आजबी तीन बायका बदलून गेल्या."

नियमानं हे चालत नाही. वाचकानं पुस्तक परस्पर दुसऱ्याला द्यायचं नसतं. पुस्तक काउंटरवर यायला हवं, शिक्का बसायला हवा, तर ती देवघेव. मी हातातला शिक्का खाली ठेवला. फळीवर पावसाळ्यात घाम येत नाही, एवढाच विचार मनात आला.

त्या जायला वळल्या आणि थांबल्या. "त्ये एक ऱ्हायलं आसल न्हवं? त्या सरांचं?"

"ड्रॉवरमध्ये आहे."

"द्या."

मी काढलं, पण हातातच धरून ठेवलं. "मंगलताई, नसलं वाचायचं तर राहू द्या. मी काही—"

"त्यांनी दिलं तवा नगं हुतं. आता म्या मागायलेय." त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. कव्हर कोरं होतं, त्यावर त्यांची बोटं उमटली. "नंतर पाऊस दाखवलाय का ह्यात?"

मला आठवावं लागलं. "हो. दुसऱ्या दिवशीपासून लागतो. थांबत नाही."

"मग खरं लिवलं आसल." त्यांनी ते पिशवीत घातलं नाही, हातातच धरलं. "ह्ये म्या गिरनीत सांगनार न्हाय."

मान हलवून मी सवयीनं विचारलं, "शेवट सांगू का?"

"नगं मॅडम. ह्येचा शेवट म्हायती हाय मला."

आणि त्या जिना उतरून गेल्या.

आज कागदोपत्री स्थिती अशी आहे. 'शेजारचे लेखक' हा विभाग बंद. त्यातली सगळी पुस्तकं वाचकांकडं थकीत. मुदत संपून किती दिवस झाले, ते मी मोजत नाही. तपासणीत मला खुलासा विचारला जाणार आणि निवृत्त होताना चार्ज देताना ही थकबाकी माझ्याच नावावर निघणार. नोकरीत सगळ्यात जास्त चाललेलं माझं कपाट हेच, आणि ते वाचनालयात नाही.

लोकांना पुस्तक सुचवण्याचं काम करणाऱ्यांसाठी एवढंच लिहून ठेवते. माणसाचं गाव विचारून पुस्तक देऊ नका. त्याला शेवट हवा असेल तर सांगून टाका. आणि कपाट रिकामं झालं तर अध्यक्षांना दाखवू नका.

थकीत वाचकांना मी दर महिन्याला स्मरणपत्रं पाठवते, पुस्तक परत करा म्हणून. शब्बीरभाई ती वाटून येतात. मंगलताईंचं पत्र मी लिहीत नाही. ते भूकंपाचं पुस्तक अजून आलेलं नाही. परवा दळण घेऊन गेले तेव्हा वरची फळी बघितली. थोरली-धाकली होती, शिवणवाली अप्पांच्या घरून परत आलेली होती. ते तिथं नव्हतं. मी डबा घेतला आणि घरी आले.